तारखेच्या निमित्तानं कोल्हापूर

सोमवार

कोल्हापूरला चाललोय म्हटल्यावर ऑफिसात दोघांनी चपला सांगितल्या, एकीनं कांदा-लसूण चटणी. कोर्टाच्या तारखेला चाललोय हे मी कुणाला सांगितलं नाही. भाऊबंदकीची केस म्हटली की लोक एकदम समजूतदार चेहरा करतात, तो बघवत नाही.

केस तशी साधी. तासगाव तालुक्यातली तीन एकर सहा गुंठे जमीन आणि विहिरीतला अर्धा हिस्सा. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, वादी; त्यांचे थोरले भाऊ तात्या प्रतिवादी. १९९८ साली तासगावला दावा, मग सांगलीला अपील, मग २०११ साली मुंबईला उच्च न्यायालयात दुसरं अपील. नाना २०१६ला गेले, तात्या यंदा मे महिन्यात. दावा लागला तेव्हा त्या रानात द्राक्षबाग होती. बाग म्हातारी झाली म्हणून काढली, ऊस लावला, ऊस मोडून परत बाग लावली. कागदावर मात्र अजून ‘दावा मिळकतीत सध्या द्राक्षपीक उभे आहे’ हेच वाक्य चालू आहे आणि योगायोगानं ते पुन्हा खरं झालंय.

फाइल मुंबईत होती तोवर मला कसलाच जाच नव्हता. डोंबिवलीहून सकाळची लोकल, सीएसएमटीपासून पायी, काम झालं की दुपारून ऑफिसला. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिकडं गेली. त्यात आमचीही गेली. तेव्हा पहिल्यांदा मला रात्रीची गाडी, लॉज आणि रजेचा अर्ज करावा लागला. आणि मग आठवलं की चुलतभावानं, आप्पानं, हेच चौदा वर्षं उलट्या दिशेनं केलं होतं. सांगलीहून रात्रीची एसटी, पहाटे दादर, नळावर तोंड धुवायचं, अकराला कोर्ट, रात्री परत एसटी. व्हरांड्यात तो भेटायचा तेव्हा त्याचा शर्ट चुरगळलेला असायचा आणि माझा इस्त्रीतला. हे मला दर वेळी दिसायचं. त्या बेंचसाठी तिकडच्या वकिलांनी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली, त्या बातम्या वाचून ‘मुंबई काय लांब आहे का’ असं म्हणणारा मीच.

महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये सांगली आली की मला आपोआप जाग येते. बाहेर डिसेंबरचं धुकं, तोडलेल्या उसाची रिकामी रानं, लांब एका कारखान्याच्या चिमणीचा आडवा पसरलेला धूर. समोरच्या बर्थवर जयसिंगपूरला उतरणारे एक गृहस्थ होते, पांढरी टोपी, जैन समाजातले. मिरजेला चहा घेताना विषय निघाला नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीचा. जुलै २०२५मध्ये तिला हलवायचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं कायम केला आणि तिला जामनगरच्या ‘वनतारा’ प्राणिकेंद्रात नेलं. निरोप द्यायला गावं लोटली, पुढं मोर्चे निघाले. मी विचारलं, “मग कोर्टाचं खरं की गावाचं?”

ते म्हणाले, “तुम्ही कोर्टात चाललाय, म्हणून असं विचारताय. आमच्यात ‘स्यात्’ म्हणतात. एका अंगानं. तिच्या तब्येतीचं तिथं मांडलं ते एका अंगानं असेल. आमच्या घरात कार्य असलं की पहिला घास तिला, हेही एका अंगानं.” मग कप खिडकीतून टाकायला हात बाहेर काढला, थांबले आणि तो पिशवीत ठेवला. “दोन्ही असलं तरी ट्रकात एकदाच चढवावं लागतं.”

ते उतरल्यावर माझी ट्यूब पेटली. जैनांचा अनेकांतवाद, म्हणजे एकाच गोष्टीला अनेक अंगं असतात हे, समजावून सांगायला शाळेत जी गोष्ट सांगतात, ती आंधळ्यांची आणि हत्तीचीच.

लॉज महाद्वार रोडच्या एका बोळात. काउंटरवरच्या बाई “थांबा, मी चावी घेऊन येतो” म्हणाल्या तेव्हा कोल्हापुरात आल्याची खात्री पटली. इथल्या बायका ‘येतो-जातो’ म्हणतात. माझी आजी तसंच बोलायची आणि डोंबिवलीत आमची मुलं तिला हसायची.

दुपारी खासबागेत गेलो. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं कोलोसियम पाहिलं आणि १९१२ साली कोल्हापुरात हे कुस्त्यांचं मैदान उभं राहिलं. बांधकाम म्हणावं असं फार नाही. मधे मातीचा हौदा आणि सगळीकडून वर चढत गेलेला उतार, बशीसारखा. मधे खांब नाही, आडवं काही नाही. अगदी वर शेवटच्या ओळीत जाऊन बसलो. हौदा तिथूनही पुरा दिसतो. क्रिकेटच्या स्टेडियमात मी तिकिटाच्या पैशात अर्धा साइटस्क्रीन पाहिलेला माणूस आहे, त्यामुळं याचं अप्रूप वाटलं. ज्या राजानं त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ला, नोकऱ्यांत मागासलेल्यांना पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्यानं शेवटच्या माणसाला दिसेल असं मैदान बांधावं यात जुळणारं काहीतरी आहे. फार ताणत नाही.

शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री मी मोबाइलवर तो व्हिडिओ बघत होतो आणि खाली लोक रडण्याच्या इमोजी टाकत होते. मीही एक टाकली होती. आता समोर उभं राहून काय टाकणार.

मंगळवार

सीपीआर दवाखान्यासमोरचं जुनं कोर्टाचं आवार. काळे कोट, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपऱ्या, आणि सगळ्या जिल्ह्यांच्या बोली एकदम. मालवणी हेल काढून एक म्हातारी वकिलाला झापत होती, ते ऐकूनच अर्धा शीण गेला.

आमचं प्रकरण पुकारलं आणि दीड मिनिटात संपलं. तात्या वारल्याचं त्यांच्या वकिलानं केव्हाच लेखी कळवलं होतं. त्यांचे वारस रेकॉर्डवर घ्यायचा अर्ज आम्ही नव्वद दिवसांत द्यायचा असतो. आमच्याकडून तो राहिला. वकिलांनी मला विचारलं होतं, “वारसांची नावं पाठवा,” आणि मी व्हॉट्सॲपवर होकाराचा अंगठा टाकून विसरलो होतो. खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो. नावं मिळवायची म्हणजे आप्पाला फोन करायचा, आणि तात्यांच्या दहाव्याला मी गेलो नव्हतो. आता विलंबमाफीचा अर्ज जोडून सगळं परत करायचं. त्यासाठी मुदत मागितली, मिळाली.

बाहेर आलो तर आप्पा टपरीवर उभा. एकसष्ट वर्षांचा, मान अजून खांद्यातच गेलेली, दोन्ही कान मोडून गाठीसारखे झालेले. ऐंशीच्या दशकात तीन वर्षं तो इथल्या तालमीत होता.

“कधी आलास बाळू?”

“काल.”

“जेवलास का?”

जेवलो नव्हतो. त्यानं न विचारता दोन कट वडा सांगितले. आम्ही समोरासमोर उभं राहून खाल्लं. सत्तावीस वर्षांत कोर्टाच्या आवारात आम्ही दोघांनी मिळून खाल्लेली ही पहिली गोष्ट. रस्सा तिखट होता, त्यामुळं डोळ्यांचं काही विचारायची वेळ आली नाही.

“उद्या हाईस न्हवं? मग चल, मैदान हाय. आमच्या तालमीतल्या दोस्ताचा नातू कुस्ती धरणार हाय.”

संध्याकाळी लॉजखालच्या कट्ट्यावर पोरं फुटबॉलवर भांडत होती. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. बाहेरच्याला वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती. पण इथं पेठापेठांत फुटबॉल मुरलाय आणि संघांची नावंसुद्धा ‘तालीम मंडळ’च. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. मी म्हणालो, मला मँचेस्टरचे संघ माहितीत. एक जण म्हणाला, “काका, ते आपल्याला घरी ओळखतात व्हय?” नाद खुळा.

बुधवार

करवीर तालुक्यातल्या एका गावची जत्रा. आप्पाच्या मोटरसायकलवर मागं बसून गेलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं दुसरी, मागं ना लाल कागद ना दिवा. आप्पा प्रत्येक ट्रॉलीला ओलांडताना आईवरून एक शिवी देत होता आणि लगेच “ऊस आपलाबी असलाच जातोय म्हणा” असं पुटपुटत होता.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं सपाट रान, मधे तांबडी माती भुसभुशीत करून टाकलेली. त्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर कालवतात. वारा फिरला की लोणच्याच्या बरणीचं झाकण काढल्यासारखा वास येतो. एका अंगाला हलगी आणि घुमकं. कर्ण्यावरचा निवेदक, ज्याला श्वास घ्यायची सवय नव्हती. त्यानं खाशाबा जाधवांपासून सुरुवात केली: १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून दिलेले सात हजार रुपये. तिथून थेट राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेवर, १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन, ब्राँझ. “बहात्तर वर्षं!” तो ओरडला, “बहात्तर वर्षं लागली महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक आणाया!” लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या डोक्यात आलं, आमच्या केसला अजून पंचेचाळीस आहेत.

पहिल्यांदा नारळावरच्या कुस्त्या. सहा-सात वर्षांची पोरं, लंगोट कमरेवर राहत नाही, एक हात लंगोटाला आणि एक प्रतिस्पर्ध्याला. हरलेल्यालाही नारळ मिळतो, तरी रडतात. मग वाढत्या इनामाच्या. पंच दोघांना मधे आणतो, दोघं वाकून मूठभर माती उचलतात, एकमेकांच्या अंगावर टाकतात. घामानं अंग सटकू नये म्हणून. आपली पकड बसावी म्हणून आपण समोरच्याला माती लावायची आणि त्याची बसावी म्हणून त्यानं आपल्याला. मी हे टीव्हीवर शंभरदा पाहिलं असेल. कारण आज आप्पानं सांगितलं.

दोस्ताच्या नातवाची कुस्ती बारा मिनिटं चालली. मनगटं धरायची, मान दाबायची, कडेला जायचं, पंचानं आत आणायचं. शेवटी बरोबरीत सोडवली. दोघांनाही अर्धं-अर्धं इनाम. घरची माणसं टाळ्या वाजवत होती, आप्पा मात्र तंबाखू मळत खाली बघत बसला.

“चांगलं झालं की,” मी म्हणालो.

“काय चांगलं? दोघांनी काय केलंच न्हाई. पडला असता तर कुठं कमी पडलो ते तरी कळलं असतं.”

मग एक मुलींची कुस्ती लागली. काळ्या ट्रॅकपँटमधली सतरा-अठरा वर्षांची मुलगी, केस घट्ट आवळून बांधलेले. सलामी झाली न झाली तोच ती खाली गेली, समोरचीचा पाय छातीशी ओढला. पट निघाला. मागून कब्जा. घिस्सा मारला तेव्हा दुसरीच्या पाठीखालून माती दोन्ही बाजूंना उडाली, आणि पंच पोटावर आडवा होऊन खांदे बघायला लागला. एक खांदा टेकला होता. दुसऱ्याखाली अजून बोटभर उजेड होता. हलगी थांबली. सगळं मैदान त्या बोटभर उजेडाकडं बघत होतं. मग तो गेला. पंचाचा हात मातीवर आपटला.

“ही निकाली,” आप्पा म्हणाला आणि इतक्या वेळानं तंबाखू तोंडात टाकली.

निकाली. आमच्या फाइलीत हाच शब्द हजारदा आहे. ‘प्रकरण निकाली काढावे’, ‘अर्ज निकाली निघाला’. तिथं तो धुळीचा शब्द आहे, गठ्ठा बांधून कपाटात टाकल्याचा. इथं त्याच शब्दानं लोक उभे राहत होते.

मॅटवरच्या कुस्तीबद्दल मी विचारलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं त्याबद्दलही. आप्पाचं मत वेगळंच. म्हणाला, वजन म्हणजे वजन, त्यात काय बोलायचं. पण आदल्या दिवशी तिनं तिघींना लोळवलं ते खोटं होतं का? तिचं अपील क्रीडा लवादानं १४ ऑगस्टला फेटाळलं, एका आठवड्यात, असं मी सांगितलं. “आठवड्यात?” त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू ते बाकीच्यापेक्षा अवघड होतं.

एक नंबरची कुस्ती दिवे लावल्यावर लागली. वीस मिनिटं निकाल लागेना, मग पाच मिनिटं गुणावर. एका गुणावर एक जण जिंकला. लोक अर्धे उठले होते. तेवढ्यात आप्पा एकदम म्हणाला, “परिच्छेद नऊ.”

मला कळलं नाही असं दाखवायचा प्रयत्न केला.

“बदाम,” तो म्हणाला.

आमच्या दाव्याचा परिच्छेद नऊ मला पाठ आहे. ‘प्रतिवादीच्या मुलाच्या कुस्तीच्या खुराकावर व तालमीतील वास्तव्यावर सन १९८३ ते १९८६ या काळात एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून खर्च करण्यात आला.’ नाना तेव्हा बदामाला आणि तुपाला दर महिन्याला दीडशे रुपयांची मनीऑर्डर करायचे. पगार किती होता त्यांचा? आप्पाची पहिली मोठी कुस्ती पडली, तात्या महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. नानांनी त्याला मुंबईला आणला, राणीची बाग दाखवली, आमच्या एका खोलीत पंधरा दिवस ठेवला. मी अकरावीत होतो. त्याच्या घोरण्यानं मला अभ्यास व्हायचा नाही. ते पंधरा दिवसही कुठल्याशा परिच्छेदात आले असते, पण वकिलांनी गाळले. पुरावा नव्हता.

“ते नानांनी लिहिलेलं नव्हतं,” मी म्हणालो. “वकिलानं घातलं.”

“सही कुणाची हाय?”

परतताना ट्रॉल्यांचे हेडलाइट समोरून येत होते. आम्ही दोघंही काही बोललो नाही. थंडी होती, मी त्याच्या जाकिटाच्या मागं तोंड घातलं होतं.

गुरुवार

सकाळी अंबाबाई. रांग दीड तास. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. मी सगळा वेळ पुढच्या माणसाचा बॅकपॅक बघत होतो. नंतर चप्पल लाइनला ऑफिसच्या चपला घेतल्या. जून २०२५मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन कंपनीनं जशाच्या तशा चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि बोंब झाल्यावर मान्य केलं, त्याबद्दल मी दुकानदाराला छेडलं. त्याला रोज चार जण तेच विचारत असणार. “घासाघीस करू नका म्हणजे झालं,” एवढंच म्हणाला. मी केली होती. पन्नास रुपयांची.

गाडी रात्रीची होती. संध्याकाळी आप्पानं गंगावेशीत बोलावलं, दूध कट्ट्यावर. इथं म्हशीच आणून बांधतात. तुमच्यासमोर ग्लासात धार काढतात, फेसासकट, कोमट. मी लहानपणानंतर धारोष्ण दूध प्यालो नव्हतो. पहिल्या घोटाला पोटानं शंका घेतली, मग गप्प बसलं.

“लिहून घे,” आप्पा म्हणाला.

“काय?”

“वारस. नावं पाहिजेत न्हवं तुला?”

मी म्हणालो, तुझ्या वकिलानं सांगितलं नाही का तुला? नावं लागली नाहीत तर आमचं अपील तसंच पडतं. तुम्हाला काही करायलाच नको.

“सांगितलं की. तीनदा सांगितलं.” त्यानं फेस पुसला. “समोर गडी नसताना नुसता पुकारा करून जिंकायचं व्हय आता? ह्या वयात?”

वही लॉजवर राहिली होती. खिशात कालच्या मैदानाचं पत्रक होतं, गुलाबी कागद, एका बाजूला कुस्त्यांच्या जोड्या, अमुक विरुद्ध तमुक. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. पत्नी, वय अठ्ठ्याऐंशी, धंदा घरकाम. काकू अजून रोज वेलींची पडकी पानं वेचते, असं तो मधेच म्हणाला. ते लिहिलं नाही. मुलगा. इथं मी थांबलो. त्याचं कागदावरचं नाव मला माहीत होतं, पण हातानं कधी लिहिलं नव्हतं. मग मुली. थोरली इस्लामपूरला, मधली पलूसला. धाकटी शालन, मयत.

“तिची पोरं लावावी लागतात,” मी म्हणालो.

“दोन. पोरगा मिलिटरीत. पोरगी पुण्याला, तिचं वय मला नक्की ठाऊक न्हाई. थांब.” त्यानं फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. “बोल. तुझा मामा हाय म्हणून सांगितलंय.”

“कुठला मामा?” पलीकडून आवाज आला.

“डोंबिवलीचा,” मी म्हणालो.

बराच वेळ काही नाही. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, वय कशाला पाहिजे, आणि मी सांगितलं की कोर्टात लावायचंय. “एकोणतीस,” ती म्हणाली. “पत्ता व्हॉट्सॲपवर टाकते. नंबर आहे का तुमच्याकडं माझा?”

नव्हता. तोही त्या गुलाबी कागदावर घेतला, म्हसोबाच्या यात्रेच्या मजकुराची शाई जिथं मागं उमटली होती तिथं, दोन आकडे जरा फिसकटले. मी परत विचारणार होतो, पण तेवढ्यात म्हैसवाला ग्लास मागायला आला, गिऱ्हाईक थांबलं होतं.